खान्देशच्या उन्हात स्टॅगहॉर्न जगवायचं तर

स्टॅगहॉर्न हे झाडाच्या खोडावर बसणारं नेचं. सह्याद्रीत दिसणारं बाशिंग याच चालीचं. बांडगुळासारखं ते झाडाचा रस ओढत नाही, नुसता आधार घेतं. त्याच्या मुळांना ओल हवी, पण त्याहून जास्त हवा हवी. काळ्या मातीच्या कुंडीत ते हमखास कुजतं, म्हणून फळीवरच बांधा.

सागाची, रंग-पॉलिश नसलेली 30 सेंटिमीटरची फळी घ्या. नारळाच्या सोडणाचे तुकडे रात्रभर भिजवा आणि पाणी दोनदा बदला, त्यातले क्षार निघून जातात. फळीवर त्यांचा 3-4 सेंटिमीटरचा थर द्या, वर रोप टेकवा आणि दोन्ही बाजूंना खिळे ठोकून नायलॉनच्या दोऱ्याने आवळा. मधला कोंब मोकळाच राहिला पाहिजे, त्यावरून दोरा गेला की वाढ खुंटते. तांब्याची तार वापरू नका, तांबं नेच्यांना सोसत नाही.

बुडाशी ढालीसारखी पानं येतात. कोवळी असताना हिरवीगार, बशीसारखी फळीला चिकटत जाणारी. पुढे तपकिरी होऊन कागदासारखी वाजतात. वाळली म्हणून ओढून काढू नका, मुळं त्यांच्याच आड असतात. शिंगांसारख्या पानांवरची पांढरी लव धूळ समजून पुसली जाते, तेही टाळा. ती लवच पानातलं पाणी धरून ठेवते.

पाणी वार ठरवून नाही, फळी उचलून द्यायचं. हलकी लागली की बादलीत 10-15 मिनिटं बुडवा, निथळू द्या, मग टांगा. थंडीत आठवड्यातून एकदा पुरतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे दर दोन-तीन दिवसांनी बुडवावं लागतं. बोअरचं पाणी जड असेल तर पानांची टोकं करपतात. पावसाचं पाणी साठवलेलं सर्वांत चांगलं. आरओचं शुद्ध पाणी चालेल, त्यातून बाहेर पडणारं वाया पाणी नको.

उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत ठेवा, ओलावा मिळतो. पण थेट झोतासमोर टांगलं तर पानं सुकतात. कूलरच्या टाकीतलं पाणीही घालू नका. बाष्पीभवनाने त्यात क्षार साचत जातात. जागा पूर्वेच्या खिडकीची, सकाळचं कोवळं ऊन पुरे. पश्चिमेच्या गच्चीवर दुपारी पानं भाजतात.

खत जून ते ऑक्टोबर, महिन्यातून एकदा. घरात ठिबकसाठी आणलेलं 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत असतंच, ते लिटरला अर्धा ग्रॅम. शेतातलं माप इथे लावू नका. ढालीमागे केळीची सालं खोचण्याची पद्धत आहे, पण आपल्या उष्ण हवेत त्यावर चिलटं धरतात. आमच्या मते नकोच.

बर्ड्स नेस्ट हे दुसरं नेचं मात्र कुंडीत चालतं: दोन भाग सोडणाचे तुकडे, एक भाग लाकडी कोळसा, एक भाग कोकोपीट. पाणी कडेने घाला, मधल्या वाटीत साचलं की कोंब सडतो.

स्टॅगहॉर्नच्या पानांच्या टोकाला खालून तपकिरी मखमल दिसली तर ती बीजाणूंची आहे, रोग नव्हे, कापू नका. बर्ड्स नेस्टमध्ये तेच बीजाणू पानामागे समांतर रेघांत येतात. विखुरलेले टणक ठिपके नखाने उचकटून निघाले तर ती खवले कीड. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक ठिपका टिपा. स्टॅगहॉर्नवर तेलकट फवारा मारू नका, लव चिकटून बसते.