वर्ल्डकॉनच्या पॅनेलवर पहिल्यांदा बसताय? या चुका टाळा

मराठीत विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा लिहिणाऱ्याला व्यासपीठाची ओळख होते ती साहित्य संमेलनातल्या परिसंवादातून. तिथे प्रत्येक वक्ता आपलं भाषण लिहून आणतो, सूत्रसंचालक एकेकाला बोलावतो आणि शेवटी अध्यक्ष समारोप करतात. वर्ल्डकॉन म्हणजे विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या चाहत्यांचं जागतिक संमेलन. तिथल्या पॅनेलची रीत निराळी. तिथे भाषण नसतंच. चार-पाच जण एका टेबलामागे बसतात, मॉडरेटर प्रश्न टाकतो आणि एकाच्या बोलण्यावर दुसरा बोलतो. परदेशात स्थायिक झालेले किंवा आता इंग्रजीतही लिहू लागलेले आपले लेखक तिकडे जातात, तेव्हा त्यांच्या बहुतेक अडचणी हा फरक ध्यानात न आल्यामुळेच होतात.

वर्ल्डकॉन १९३९ साली न्यूयॉर्कला सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षं सोडली तर ते दरवर्षी भरतं, दरवर्षी नव्या शहरात. २०२३ साली ते चेंगडूला होतं, २०२४ साली ग्लासगोला, २०२५ साली सिॲटलला. चालवतात ते चाहते, आणि तेही पगार न घेता. मोजके सन्माननीय पाहुणे सोडले तर पॅनेलवर बसणारा लेखकसुद्धा सहसा सदस्यत्वाचे पैसे भरूनच येतो. मानधन नसतं, हारतुरे नसतात. समोर बसलेल्या वाचकानेही पैसे भरलेले असतात आणि विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठी वर्ल्डकॉन देतं त्या ह्यूगो पुरस्काराला तो तुमच्याइतकंच मत देतो. त्यामुळे व्यासपीठावरून शिकवण्याचा सूर तिथे फार लवकर खटकतो.

फॉर्म घाईत भरणं

पहिली चूक संमेलनाच्या कितीतरी आधी होते. कार्यक्रम समिती काही महिने अगोदर एक फॉर्म पाठवते : कुठल्या विषयांवर बोलाल, कुठल्या विषयांवर नको, मॉडरेटर व्हायला तयार आहात का. आपले लेखक इथे संकोचाने ‘कुठलाही विषय चालेल’ असं लिहून मोकळे होतात. मग समितीला नावावरून एवढंच कळतं की हा माणूस भारतातला, आणि तो ‘जगभरातल्या विज्ञानकथा’ अशा एखाद्या पॅनेलवर जाऊन बसतो. तिथे त्याच्याकडून सगळ्या भारतीय भाषांच्या वतीने बोलण्याची अपेक्षा होते. असं पॅनेल जरूर करावं, पण फक्त तेच करू नये. तुम्ही धरणांवर काम केलेले अभियंता असाल तर पाण्याच्या भविष्यावर बोलायचंय असं स्पष्ट लिहा. कोकणातल्या भुताखेतांच्या कथांवर वाढला असाल तर भयकथेचं पॅनेल मागा. जे जमणार नाही तेही लिहा. समितीला त्याची मदतच होते.

विषय ठरल्यावर मॉडरेटरची ईमेल येते. तिला उत्तर न देणं हीसुद्धा चूकच. त्या दोन-चार पत्रांतच कोण कुठली बाजू मांडणार हे कळतं, आणि आपलं नाव कसं उच्चारायचं हेही तेव्हाच सांगून टाकावं.

वेळेचा हिशोब न करणं

समजा, पॅनेल पन्नास मिनिटांचं आहे आणि बसलेत पाच जण. ओळखीत पाच मिनिटं गेली, शेवटची पंधरा प्रश्नांची. उरली तीस. म्हणजे तुमच्या वाट्याला सहा मिनिटं, तीही तुकड्यातुकड्यांनी. यात लिहून आणलेलं भाषण बसत नाही. त्याऐवजी विषयाला धरून तीन-चार नेमकी उदाहरणं मनात ठेवा. ओळख दोन वाक्यांत संपवा : नाव, आणि या विषयाशी आपला संबंध काय. सगळी पुस्तकं, सगळे पुरस्कार, भाषांतरं सांगत बसलात तर शेजाऱ्याची मिनिटं खाल्लीत. टेबलावर एक पुस्तक उभं ठेवायला कुणाची हरकत नसते. पाच-सहा रचली की मागच्या रांगेला तुमचा चेहरा दिसत नाही.

दर उत्तरात ‘माझ्या कादंबरीत मी असं केलं’ म्हणणारा लेखक वाचक गमावतो. दुसऱ्याच्या पुस्तकातलं काही मनापासून आवडलेलं सांगणारा मात्र लोकांच्या लक्षात राहतो. पॅनेल संपल्यावर वाचक त्यालाच गाठतात.

माइक नको म्हणणं

ही चूक मला सर्वात गंभीर वाटते. ‘माझा आवाज खणखणीत आहे, माइकची गरज नाही’ असं म्हणून लेखक माइक बाजूला सारतो. सभागृहात श्रवणयंत्र लावलेले लोक असतात, थेट उपशीर्षकं वाचणारे असतात, ऑनलाइन ऐकणारे असतात. माइकमध्ये न बोललेलं त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि ‘मागे ऐकू येतंय ना?’ या प्रश्नाला हात वर करून ‘नाही’ म्हणायला फार धीर लागतो, तो प्रत्येकात नसतो. माइक तोंडाजवळ धरा. श्रोत्याने प्रश्न विचारला की आधी तो माइकमध्ये पुन्हा सांगा, मग उत्तर द्या.

ऐन वेळी गाडी अडली तर

मॉडरेटर आलाच नाही : असं होतं. वाट पाहत बसू नका. एकाने सूत्रं हातात घ्यावी आणि पॅनेलच्या वर्णनातल्या वाक्यांचेच प्रश्न करावेत.

एकच जण बोलतोय : मॉडरेटरकडे पाहून हात किंचित उचला. तेवढ्याने नाही भागलं, तर बोलणाऱ्याच्याच एखाद्या मुद्द्याला धरून गप्प बसलेल्या सहकाऱ्याला नावाने विचारा, ‘तुमचा अनुभव काय?’ तुम्हीच मॉडरेटर असाल तर स्वतःच्या प्रश्नांची उत्तरं स्वतः देऊ नका.

प्रश्नाच्या नावाखाली श्रोता भाषण देतोय : त्याने श्वास घेतला की त्यातला एक मुद्दा उचलून उत्तर सुरू करा. अपमान करू नका. तो कदाचित वर्षभर या संधीची वाट पाहत असेल.

कथेचा शेवट फुटेल अशी भीती : आधी पुस्तकाचं नाव घ्या, क्षणभर थांबा, मग बोला. ज्याला कान झाकायचेत तो झाकेल.

दाराबाहेर

वेळ संपली की उठा, पुढचे लोक दारात उभे असतात. उरलेल्या गप्पा बाहेर मारा. निवांत बोलायचं तर लेखकाभोवती मोजक्या वाचकांनी बसायच्या बैठकाही असतात, त्यासाठी फॉर्ममध्येच होकार द्या. वेशभूषा करून आलेल्या चाहत्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, खांद्यावर हात टाकणं तर दूरच. आचारसंहिता लेखकांनाही तितकीच लागू असते.

घरबसल्या ऑनलाइन पॅनेल करणार असाल तर तारीख तपासा. ऑगस्टमध्ये सिॲटल आपल्या साडेबारा तास मागे असतं. तिथलं बुधवारी संध्याकाळी साडेसातचं पॅनेल म्हणजे पुण्यात गुरुवारी सकाळचे आठ. फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन्ही वेळा टाका, आणि आदल्या दिवशी हेडफोन लावून समितीची चाचणी-लिंक उघडून पाहा.