उजेड किती जाळायचा: ‘डार्केस्ट डंजन’मधला जोखमीचा हिशोब

‘डार्केस्ट डंजन’ खेळायला बसला असाल, तर सगळ्यांना जिवंत घरी आणायचं हे आधी डोक्यातून काढा. कॅनडातल्या रेड हूक स्टुडिओजनं 2016 मध्ये आणलेला हा कॉम्प्युटरवरचा खेळ तसा बनवलेलाच नाही. थोडं जास्त कमवायची लालूच दाखवायची आणि मग तिची किंमत व्याजासकट वसूल करायची, हाच त्याचा धंदा. कोणता हिरो भारी, कोणाचा वार मोठा, हे खेळता खेळता समजतंच. शिकायचं असतं ते लालूच कुठवर परवडते हे.

मी हा खेळ धरून बसलो त्याचं एक कारण अगदी साधं आहे, तो जुन्या लॅपटॉपवर चालतो. माझा 4 जीबी रॅमचा, बॅटरी कधीच मेलेली. एकदा उतरवून घेतला की इंटरनेट लागत नाही. रब्बीत हरभऱ्याला रात्रीची थ्री फेज असते, तेव्हा मोटारीच्या खोलीत बसून स्प्रिंकलरचे पाईप बदलायच्या मधल्या वेळात एक छोटी मोहीम आरामात होते. लाईन गेली तरी चिंता नाही, कारण खेळ पावलोपावली स्वतःच सेव्ह करतो आणि जवळपास तिथूनच परत सुरू होतो. पण त्यातच मेख आहे. मागचं सेव्ह उघडून घडलेलं पुसता येत नाही. मेला तो मेला.

थोडक्यात रचना अशी. एक पडकं गाव तुमच्या ताब्यात आहे. बग्गीतून दर आठवड्याला नवे हिरो येतात, तेही फुकट. त्यातले चार निवडायचे, रुइन्स, वील्ड, वॉरेन्स किंवा कोव्ह यांपैकी एका ठिकाणी पाठवायचे, लूट आणायची आणि त्या पैशात गाव सुधारायचं. गाव सुधारताना पहिला खर्च बग्गीवर करा. जास्त माणसं आली की निवड करता येते. बाकी इमारती थांबू शकतात.

मशाल

पडद्याच्या वरच्या बाजूला मशाल दिसते. सुरुवातीला उजेड 100 असतो. न पाहिलेल्या वाटेवर एकेक पाऊल पुढे टाकलं की 6 नं कमी होतो, पाहिलेल्या वाटेवर फक्त 1 नं. एक मशाल जाळली की 25 वाढतो. दुकानात एका मशालीला 75 मोहरा पडतात.

उजेड 75 च्या वर असला की पुढच्या खोल्यांमध्ये काय आहे ते आधीच दिसायची शक्यता वाढते, राक्षस बेसावध सापडतात आणि हिरोंच्या डोक्यावरचा ताण कमी वाढतो. उजेड घसरत गेला की राक्षसांचा वार जड होतो, नेमका लागतो, तेच तुम्हाला बेसावध गाठतात, ताण भराभर चढतो. मग अंधारात जायचं कायले? तर लूट वाढते म्हणून. शिवाय तुमच्या हिरोंचा क्रिट, म्हणजे जबर बसणारा वार, अंधारात जास्त वेळा लागतो. मशालीवरून उजेड मुद्दाम कमी करायचीही सोय ठेवलेली आहे, यावरूनच बनवणाऱ्यांचा खोडसाळपणा ओळखा.

आमच्याकडे मृगाच्या आधी कापसाची धूळपेरणी करतात, त्याच जातीचा हा डाव. पाऊस वेळेवर आला तर पीक बाकीच्यांच्या पुढे निघून जातं. पावसानं खंड दिला तर बियाणं मातीत आणि दुबार पेरणीचा खर्च बोडख्यावर. शहाणा माणूस धूळपेरणी सगळ्या वावरात करत नाही, जेवढं गेलं तर झेपेल तेवढ्यातच करतो.

खेळात त्याचा अर्थ असा निघतो. पहिले काही आठवडे उजेड 75 च्या वर ठेवूनच खेळा. मशालींचा कंजूसपणा करू नका. छोट्या मोहिमेला मी सहा ते आठ घेतो. भाचा सुट्टीत आला होता, तो म्हणे, ‘मामा, इतक्या मशाली कायले घेता? अर्ध्या तं उरतातच.’ उरू दे ना! उरलेली मशाल 75 मोहरांचं नुकसान आहे. कमी पडलेल्या मशालीनं डोकं फिरलेला एक हिरो ताळ्यावर आणायला सुरुवातीला साधारण हजार-दीड हजार मोहरा लागतात, आणि त्या आठवड्यात तो कामाचा नसतो ते वेगळंच.

26 ते 50 मधलं धूसर उजेडाचं खेळणं मला बिलकूल पटत नाही. ताण आणि मार तर पुरेपूर वाढलेला असतो, लूट मात्र मनाजोगी नसते. जायचं तर भरपूर उजेडात जा, नाहीतर ठरवून काळोखात. शून्यावर नेलं तर ‘शॅम्बलर’ नावाचा राक्षस अचानक गाठू शकतो. तो तुमच्या रांगेतली माणसं उलटीपालटी करतो आणि आपली पिल्लं पैदा करत राहतो. त्याला मारलं तर पूर्वजाचा, म्हणजे ज्याच्याकडून हे गाव तुमच्याकडे आलं त्या पुरख्याचा, एखादा मौल्यवान ट्रिंकेट (हिरोच्या अंगावर चढवायची चीज) मिळतो. पूर्वजाचे बहुतेक ट्रिंकेट वापरताना ताणही वाढतो, हेही ध्यानात असू द्या. इथे बक्षिसालासुद्धा काटा असतो.

ताण

जीव किती उरला हे सगळेच पाहतात. नवखा माणूस फसतो तो ताणात. प्रत्येक हिरोच्या ताणाचे दोन टप्पे आहेत. 100 झाला की त्याची कसोटी लागते. साधारण चारात एकदा तो उलट खंबीर होतो, उरलेल्या वेळी डोकं फिरतं. डोकं फिरलेला हिरो स्वतःची पाळी वाया घालवतो, औषध घेत नाही, सोबत्यांना टोचून बोलतो आणि त्यांचाही ताण वाढवतो. म्हणजे एकाचं गेलं की चौघांचं जायला वेळ लागत नाही. 200 झाला की हृदयविकाराचा झटका. झटक्यानं जीव थेट शून्यावर येतो, आणि आधीच शून्यावर असेल तर खेळ खलास.

म्हणून कोणाला आधी मारायचं याचा क्रम बदला. समोर उभा धिप्पाड राक्षस आधी मारावासा वाटतो, पण खरं नुकसान मागचा करतो. रुइन्समध्ये मागच्या रांगेत हातात प्याला धरलेला हाडकुळा दरबारी असतो. त्याचा मार नावापुरता, पण तो प्याला फेकला की ताण एकदम चढतो. प्लेग डॉक्टरचा विषारी बॉम्ब मागच्या दोघांवर पडतो, हायवेमनची पिस्तूल मागे पोचते. हे दोन हिरो सोबत असले की दरबारी पहिल्या-दुसऱ्या फेरीतच उरकतो. रुइन्समधल्या सांगाड्यांना रक्तस्रावाचे वार लागत नाहीत, विष लागतं. हाडांना कुठलं आलं रक्त!

आणखी दोन बारीक गोष्टी. बोळात उलटं चाललं की ताण वाढतो, तेव्हा उगाच मागे-पुढे करू नका. आणि तुमच्या हिरोचा क्रिट लागला की ताण थोडा उतरतो, शत्रूचा लागला की चढतो. जेस्टर, म्हणजे विदूषक हिरो, सोबत घेतला तर तो लढता लढता गाणं वाजवून ताण कमी करतो. मला तो पसंत आहे. बरेच जण त्याला नाजूक म्हणून टाळतात.

शून्यावरचा हिरो

जीव शून्य झाला म्हणजे हिरो मेला, असं नाही. तो मरणाच्या दारात उभा राहतो. त्यानंतरचा प्रत्येक घाव, कितीही बारका असो, त्याला तीनात एकदा संपवू शकतो. दाराशी तग धरायची मूळ शक्यता 67 टक्के आहे. रक्तस्राव आणि विषाचा चटकाही घावातच धरला जातो.

मी हिरोंची नावं बदलून बैलांची ठेवतो, सर्जा, पवळ्या, ढवळ्या. (एकदा ‘ढवळ्या गेला!’ असं ओरडलो तर आई हातातलं टाकून गोठ्याकडे धावली. तेव्हापासून घरी खेळताना आवाज बंद.) तर समजा, ढवळ्या शून्यावर आहे आणि त्याच्या अंगातून रक्त वाहतंय. पिशवीत पट्टी आहे. नवखा म्हणेल, त्याची पाळी आली की बांधू. इथेच घात होतो. रक्तस्रावाचा चटका त्याची पाळी सुरू होतानाच बसतो, पट्टी त्यानंतर. म्हणजे पट्टीच्या आधी मरायची एक संधी येऊन गेलेली असते. त्याची पाळी यायच्या आत दुसऱ्या कोणीतरी त्याला औषध दिलंच पाहिजे, मग जीव 1 नं वाढला तरी चालतो. आता चटका बसला की तो 1 वरून पुन्हा शून्यावर येईल, पण शून्यावर ‘येणं’ आणि शून्यावर ‘असताना’ घाव खाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. येताना मरायची चिठ्ठी निघत नाही. तो एक जीव म्हणजे एक पाळी विकत घेतली, आणि त्या पाळीत पट्टी बांधली.

औषध देणारा कोण, हाही जुगारच. वेस्टल ही साध्वी हिरो जीव नेमानं थोडा थोडा भरते. ऑकल्टिस्ट या मांत्रिक हिरोची विद्या पहिल्या पातळीवर शून्यापासून तेरापर्यंत काहीही देते, वरून कधी रक्तस्रावही लावते. हिरो अर्ध्या जिवावर असताना ऑकल्टिस्ट चालतो. मरणाच्या दारात उभ्या असलेल्यासाठी मात्र मी वेस्टलच पाहतो.

बाहेर पडणं

माझ्या मते सगळ्यात कमी वापरलं जाणारं बटण हे. मोहीम सोडून परतलात तर मोहिमेचं बक्षीस जातं, सगळ्यांचा ताण वाढतो, पण तोवर गोळा केलेली लूट तुमचीच राहते. म्हणून आत जायच्या आधीच ठरवून टाका: दोघांचा ताण 100 च्या वर गेला, किंवा वेस्टल शून्यावर आली, तर निघायचं. लढाई चालू असताना ठरवाल तर ‘अजून एक खोली’ म्हणत म्हणत चौघं गमवाल. लढाईतून पळायचा प्रयत्न फसूही शकतो, म्हणून शेवटच्या फेरीची वाट पाहू नका.

सामानाचं थोडक्यात: पिशवीत 16 खाने आहेत. सामान जास्त भरलं की लुटीला जागा राहत नाही. खाणं कमी नेऊ नका, भूक लागल्यावर पोटात काही नसेल तर जीवही जातो, ताणही वाढतो. फावडं 250 मोहरांचं असलं तरी घ्याच. ढिगारा हातानं उपसला तर जीव, ताण आणि उजेड तिन्ही जातात. वाटेत सापडणाऱ्या पेट्या-वेद्या उघडताना कोणाच्या हातानं उघडता ते पाहा. सुरुवातीला मिळणारा रेनॉल्ड हा क्रुसेडर, म्हणजे धर्मयोद्धा, हातचलाख आहे, पेटीतला माल तो स्वतःच लंपास करतो. वाटेत तळ ठोकून विसावा घ्यायला मध्यम मोहिमेत एक आणि लांब मोहिमेत दोन सरपणाचे भारे मिळतात. तळ ठोकला की उजेड परत 100 होतो, म्हणून मशाली संपत आल्यावरच तळ टाकणं फायद्याचं.

गाव अगदी कंगाल झालं तर एक काळा उपाय आहे. बग्गीतले नवेकोरे चार जण, त्यात एक अँटिक्वेरियन (जुन्या चीजा गोळा करणारी हिरो), एकही मशाल न देता छोट्या मोहिमेवर पाठवायचे. ती लढाईत कुचकामी आहे, पण तिच्यामुळे लूट वाढते. परत आले तर माल घ्यायचा आणि डोकं फिरलेल्यांना निरोप द्यायचा. हिशोबानं हे बरोबर आहे. मी ते अडचणीत वापरतो, आणि तेव्हा त्या चौघांना बैलांची नावं देत नाही.

खेळाच्या शेवटी येणाऱ्या, डार्केस्ट डंजन याच नावाच्या ठिकाणी मात्र बाहेर पडायचा नियम उलटा होतो. तिथून माघार घेतली तर बाकीच्यांना निघू देण्यासाठी एक जण मागे राहून मरतो, आणि कोण ते तुम्ही ठरवत नाही. शिवाय मूळ अवघडपणावर, तिथली एक मोहीम पूर्ण करून आलेला हिरो परत तिथे पाऊल ठेवत नाही. तिथल्या मोहिमा चार आहेत, तेव्हा सहाव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, पातळीच्या हिरोंचे चार-चार जणांचे निदान तीन-चार गट तयार झाल्याशिवाय ते दार उघडू नका.