घरात आलेल्या पिल्लाला पहिल्या महिन्यात काय शिकवावे

महाराष्ट्रातील शहरांमध्ये रस्त्यावरील कुत्र्यांची बहुतेक पिल्ले पावसाळा संपल्यावर, हिवाळ्याच्या आगेमागे जन्मतात. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीपासून सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर दत्तक द्यायच्या पिल्लांची छायाचित्रे फिरू लागतात आणि एखाद्या रविवारी एक गावठी पिल्लू तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दाखल होते. पुढील मजकूर अशा पिल्लाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. विकत आणलेल्या लॅब्राडोरच्या किंवा बीगलच्या पिल्लालाही तो तितकाच लागू पडतो. पिल्लू किमान आठ आठवड्यांचे असावे. त्याआधी आईपासून तोडलेल्या पिल्लाचा, दात किती जोराने लावायचे हा भावंडांशी दंगा करताना मिळणारा धडा अर्धवट राहतो, आणि तो मग घरच्या माणसांना स्वतःच्या हातांवर पुरा करून घ्यावा लागतो.

बहुतेक घरांत शिकवणीला ‘बस’ आणि ‘शेकहँड’ यांपासून सुरुवात होते, कारण ते पाहुण्यांना दाखवता येते. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. वर्षभरानंतर लोक कंटाळून कुत्रे परत देण्याची भाषा करतात तेव्हा त्याला ‘बस’ येत नाही ही तक्रार नसते. ते घरभर शू करते, मुलांना चावते किंवा एकटे ठेवले की भुंकून इमारत डोक्यावर घेते, ही तक्रार असते. म्हणून पहिला महिना शू-शीची जागा, दातांचा वापर आणि एकटे राहण्याची सवय या तीन गोष्टींसाठी राखून ठेवावा. तिन्हींचे सूत्र एकच आहे: ज्या वागण्यातून काही मिळते ते वागणे पिल्लू पुन्हा करते, आणि जे मिळायचे ते त्या वागण्यानंतर एक-दोन सेकंदांत मिळाले तरच त्याला त्यांचा संबंध कळतो.

पिल्लू आणण्यापूर्वी त्याची जागा ठरवावी. संपूर्ण घर त्याला पहिल्याच दिवशी मोकळे सोडू नये. दिवाणखान्याचा एक कोपरा किंवा स्वयंपाकघरालगतचा बोळ जाळीने अडवून घ्यावा, एका टोकाला अंथरूण व पाणी आणि दुसऱ्या टोकाला शू-शीची जागा ठेवावी. कुत्र्याची पिल्ले तीन-चार आठवड्यांची झाली की झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन शू-शी करू लागतात. अंथरूण स्वच्छ ठेवण्याची ही उपजत ओढच आपल्या कामी येते. घर मोठे आणि मोकळे असेल, तर सोफ्यामागचा कोपरा पिल्लाला ‘दूर’ वाटतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्री वावरतात अशा जमिनीवर पिल्लू सोडू नये, कारण पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणाऱ्या पार्व्हो या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो. साधारणपणे पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, त्यापुढील मात्रा दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास दिली जाते. नेमके वेळापत्रक पशुवैद्य ठरवतील. तोवर शू-शीची सोय गॅलरीत किंवा न्हाणीघरात करावी लागते. बहुतेक जण त्यासाठी रद्दी अंथरतात, पण त्यात एक अडचण आहे. पिल्लाला जागेइतकीच पायाखालच्या पृष्ठभागाचीही सवय लागते, त्यामुळे तीन महिने रद्दीवर जाणारे पिल्लू पुढे बागेत अर्धा तास हिंडून घरी येते आणि दारातल्या वर्तमानपत्रावर शू करते. पुढे त्याला माती-गवतावरच न्यायचे असेल, तर सुरुवातीपासूनच पसरट घमेल्यात माती किंवा गवताचा तुकडा ठेवलेला बरा.

वेळा सांभाळणे हे यातले खरे काम आहे. पिल्लू झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर दहा-वीस मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी त्याला उचलून ठरलेल्या जागी न्यावे. याखेरीज ते जागे असताना दर तास-दीड तासाने न्यावे. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवले की तितके तास ते फार तर धरू शकते, असा ढोबळ आडाखा आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाकडून तीन तासांपलीकडे अपेक्षा ठेवू नये आणि रात्रीतून एकदा-दोनदा उठण्याची तयारी ठेवावी. त्या जागी नेल्यावर गप्पा मारू नयेत, खेळू नये. शू झाली की तिथल्या तिथे ‘शाबास’ म्हणून खाऊचा बारीक तुकडा द्यावा. आत येऊन डबा उघडून दिलेला खाऊ हा पिल्लाच्या लेखी आत आल्याबद्दलचा खाऊ असतो.

चुकीच्या जागी शू झाली, तर पिल्लाचे नाक त्यात घासण्याची आपल्याकडची रीत पूर्णपणे टाकून द्यावी. त्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर शू करणे धोक्याचे आहे, आणि मग ते पलंगाखाली जाऊन करू लागते. ‘त्याला आपली चूक कळते, चेहरा बघा कसा झालाय’ असे म्हणणारे प्रत्येक घरात एक तरी असते. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले, की हा अपराधी चेहरा कुत्र्याने चूक केली होती की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला होता की नाही यावर अवलंबून होता. काहीही न केलेली कुत्रीसुद्धा रागावल्यावर तसाच चेहरा करत होती. तेव्हा पिल्लू करताना सापडले तर हलकी टाळी वाजवून, उचलून योग्य जागी न्यावे, आणि नंतर डबके सापडले तर निमूटपणे पुसावे. पुसताना साबणाचे पाणी आणि मग पाणी घातलेले व्हिनेगर किंवा पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा एन्झाइमयुक्त क्लीनर वापरावा. फिनेलने वास फक्त माणसाच्या नाकापुरता झाकला जातो आणि ते पिल्लाच्या पंजांना लागून चाटण्यातून पोटातही जाऊ शकते. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास तर लघवीशीच मिळताजुळता असतो. वेळा नीट पाळूनही पिल्लू सारखी थोडी-थोडी शू करत असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग आहे का हे पशुवैद्यांना विचारावे.

आता दातांकडे वळू. पिल्लाचे २८ दुधाचे दात सुईसारखे टोकदार असतात; चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. या काळात पिल्लू चावणारच. ते काय चावते एवढेच आपल्या हाती असते. हात तोंडात धरला तर तो झटकन मागे ओढू नये, कारण पळणारी वस्तू पकडणे हाच पिल्लाचा खेळ असतो. हात सैल व स्थिर ठेवावा, खेळ तिथेच थांबवावा आणि पिल्लाने सोडल्यावर दोरीचे किंवा रबरी खेळणे पुढे करावे. तरीही ते हातालाच येत असेल, तर उठून जाळीपलीकडे जावे, वीस-तीस सेकंदांनी परतावे आणि पुन्हा खेळ सुरू करावा. जोरात चावले की खेळगडी निघून जातो, हे त्याला काही दिवसांत उमगते. अर्थात घरातील सर्वांनी हेच केले तर. आई-बाबा उठून जातात आणि मामा मात्र ‘काही होत नाही, लहान आहे’ म्हणून हातमोजा घालून कुस्ती खेळतो, अशा घरात पिल्लू मामाचाच नियम उचलते.

जुनी चप्पल चघळायला देऊ नये. जुनी आणि परवा घेतलेली यांतील फरक त्याला कळत नाही. ओला करून पिळलेला आणि फ्रीझरमध्ये गोठवलेला सुती कपडा किंवा गार गाजर हिरड्यांना बरे वाटते. मात्र दोन्ही आपल्या नजरेसमोर द्यावीत. शिजवलेली हाडे देऊ नयेत, त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात. लहान मुले आरडाओरडा करत पळाली की पिल्लू पाठीमागे लागतेच, म्हणून मुलांना झाडासारखे स्तब्ध उभे राहायला शिकवावे. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास पिल्लू अचानक पिसाळल्यासारखे पदर, ओढणी, पायजमा जे मिळेल ते ओढू लागले, तर त्याला आणखी खेळवू नये. झोपेला आलेले मूल जसे किरकिर करते तसेच ते असते. पिल्लांना दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते आणि माणसांनी भरलेल्या घरात ती मिळत नाही. जाळीआड अंथरुणावर ठेवून दिवा मंद केला, की बहुधा प्रश्न मिटतो.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. रस्त्यावरून आणलेल्या, रेबीजची लस न झालेल्या पिल्लाच्या दाताने किंवा नखाने रक्त आले किंवा कातडी सोलवटली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ‘आपलेच पिल्लू आहे’ या विचाराने हे टाळू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ निरुपयोगी ठरतात.

एकटे राहण्याची सवय पहिल्या आठवड्यापासूनच लावावी, पण अगदी थोड्या प्रमाणात. पहिल्या काही रात्री पिल्लाचे अंथरूण आपल्या पलंगाशेजारी ठेवावे. भावंडांच्या ढिगात झोपलेल्या जिवाला पहिल्या रात्री गॅलरीत कोंडण्यात काही शिकवण नाही. दिवसा मात्र त्याला चघळण्याजोगे काही देऊन जाळीपलीकडे अर्धा मिनिट जावे आणि ते रडू लागण्यापूर्वी परत यावे. मग दोन मिनिटे, पाच मिनिटे, असे वाढवत न्यावे. रडू आले तर वेळ कमी करावी. किल्ल्या उचलणे, चप्पल घालणे, दाराची कडी काढणे ही आपल्या जाण्याची चिन्हे पिल्लू फार लवकर ओळखते; म्हणून दिवसातून अधूनमधून किल्ल्या उचलून पुन्हा खुर्चीवर बसावे. पती-पत्नी दोघेही सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बाहेर असतील आणि घरात आजी-आजोबा किंवा दुपारी येणारे कोणी नसेल, तर दोन महिन्यांचे पिल्लू आणू नये. मोठे, सवयी लागलेले कुत्रे दत्तक घ्यावे. कामाला येणाऱ्या मावशींवर हे काम गृहीत धरून टाकू नये. त्यांना विचारावे आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत.

हे चालू असताना नाव आणि ‘ये’ हे दोन शब्द सहज शिकवता येतात. नाव घ्यावे, पिल्लाने पाहिले की खाऊ द्यावा. ‘ये’ म्हणून बोलावल्यावर कधीही रागावू नये, औषध पाजू नये की अंघोळ घालू नये. त्यासाठी आपण उठून त्याच्याकडे जावे. ‘बस’ शिकवताना खाऊ नाकासमोरून डोक्याच्या वर, किंचित मागे न्यावा. मान वर गेली की मागचा भाग आपोआप टेकतो, त्याच क्षणी ‘शाबास’ म्हणावे. शिकवणी दोन-तीन मिनिटांचीच, पण दिवसातून चार-पाच वेळा, जेवणापूर्वी घ्यावी. खाऊ म्हणून उकडलेले चिकन, पनीर किंवा शिजवलेला लाल भोपळा हरभऱ्याच्या डाळीएवढ्या तुकड्यांत द्यावा आणि दिवसाच्या आहाराच्या एक दशांशापलीकडे जाऊ देऊ नये. चॉकलेट, द्राक्षे, कांदा, लसूण आणि झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असलेले च्युइंगगम कुत्र्यांना विषारी असते. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही त्यातच मोडतात, हे आजीला आधीच सांगून ठेवावे.

साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लू जे पाहते-ऐकते ते त्याला पुढे नेहमीचे वाटते, आणि नेमका हाच काळ लसीकरणाचाही असतो. त्यावर उपाय म्हणजे त्याला कडेवर किंवा पिशवीत घेऊन बाहेर काढणे. रिक्षा, हेल्मेट घातलेला कुरिअरवाला, छत्री, काठी टेकत चालणारे आजोबा, वॉचमनची शिट्टी हे सारे त्याने सुरक्षित अंतरावरून, खाऊ खात-खात पाहावे. हिवाळ्यात जन्मलेले पिल्लू आठ-नऊ महिन्यांचे होते तेव्हा गणेशोत्सव येतो आणि पाठोपाठ दिवाळी. म्हणून ढोल-ताशाचे व फटाक्यांचे ध्वनिमुद्रण आताच अगदी हलक्या आवाजात, जेवणाच्या वेळी लावावे आणि पिल्लू खायचे थांबत नसेल तरच आवाज दर दोन-तीन दिवसांनी किंचित वाढवावा. कुकरची शिट्टी आणि मिक्सर यांचा सराव बहुतेक घरांत फुकटच होतो. पंजे, कान व ओठ हाताळू देण्याची सवयही याच वयात लावावी, म्हणजे पुढे नखे कापणे आणि गोचिड्या शोधणे ही लढाई होत नाही.

एवढे करूनही पिल्लू खाण्याच्या भांड्याजवळ गुरगुरत असेल किंवा माणसे पाहून लपून बसत असेल, तर प्रशिक्षकाची मदत घ्यावी, पण त्याला आधी एकच प्रश्न विचारावा: कुत्रे चुकले तर तुम्ही काय करता? उत्तरात गळा आवळणारी साखळी, मान धरून उलटे पाडणे किंवा ‘मालकाने अल्फा (कळपाचा म्होरक्या) असले पाहिजे’ असे काही आले, तर त्याला नम्रपणे निरोप द्यावा. लांडग्यांच्या कळपातील ‘अल्फा’ची कल्पना रूढ होण्यास ज्यांचे लेखन कारणीभूत ठरले, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिले, की नैसर्गिक कळप हे प्रामुख्याने आई-वडील व त्यांच्या पिल्लांचे कुटुंब असते. प्रशिक्षकाने पिल्लाला महिनाभर स्वतःकडे नेण्याऐवजी घरी येऊन, घरातील माणसांच्या हातून शिकवून घ्यावे, अशी अट पहिल्याच भेटीत घालावी.