रुग्णांचे अनुभव विचारायला निघालात? ‘सगळं चांगलं होतं’वर थांबू नका, या चुका टाळा

रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना दवाखान्याचा अनुभव विचारायला निघालं की पहिल्या दिवशी वहीत एकच उत्तर भरतं : ‘‘चांगलं केलं की. काय तक्रार नाही.’’ दहा जणांकडून हेच ऐकल्यावर नवखा संशोधक दोनपैकी एक करतो. एक तर ‘रुग्ण समाधानी आहेत’ असं लिहून मोकळा होतो, नाहीतर लोक खरं बोलत नाहीत म्हणून वैतागतो. लोक खोटं बोलत नसतात, विचारलं त्याचं उत्तर देत असतात. तुम्ही निकाल मागितला, त्यांनी निकाल दिला. माणूस धडधाकट घरी आलाय, त्याच डॉक्टरांकडे उद्या पुन्हा जायची वेळ येऊ शकते, मग वाईट कोण बोलेल?

नर्सिंग, एमएसडब्ल्यू (समाजकार्य) आणि पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थी, तसंच आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते सोलापूर शहर-जिल्ह्यात अशा मुलाखती घेतात. त्यात पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका आणि त्या कशा दुरुस्त करायच्या, ते पुढे आहे.

निकाल मागणारे प्रश्न

‘डॉक्टरांची वागणूक कशी होती?’ हा प्रश्न यादीतून काढून टाका. ‘सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?’ हाही. ‘समाधानी’ हा शब्द घरात कोणी वापरत नाही. तो ऐकला की माणूस सावरून बसतो आणि शाळेत द्यावं तसं उत्तर देतो. पाच चेहऱ्यांची किंवा एक ते पाच गुणांची पट्टी पुढे केली तरी तेच. सगळ्या खुणा चार-पाचवर पडतात आणि वाईट वॉर्ड कोणता, बरा कोणता, हे त्यातून कळतच नाही.

त्याऐवजी काय घडलं ते क्रमाने विचारा. सुरुवात दवाखान्यापासून नको, घरापासून करा : ‘त्रास सुरू झाला तेव्हा तुम्ही काय करत होता? आधी कोणाला सांगितलं? कशाने गेलात?’ पुढचे प्रश्न त्याच वाटेने जातात. पोहोचल्यावर पहिल्यांदा कोण भेटलं? केस पेपर काढायला कोण गेलं? ऑपरेशन करायचंय हे कोणी सांगितलं, आणि तेव्हा तुम्ही कुठे होता? पहिल्या रात्री सोबतीला कोण होतं, ते कुठे झोपलं, जेवले काय?

शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण बरीच मुलाखत तिथेच उघडते. ‘चांगलं केलं की’ म्हणणारी बाईच मग सांगते की रात्री बाराला चिठ्ठी हातात दिली, बाहेरचं मेडिकल कुठे ते माहीत नव्हतं, पेशंटजवळ कोणाला बसवावं कळेना, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगून गेले. तिच्या लेखी ही तक्रार नाही, नुसती त्या रात्रीची हकिगत आहे. तुमच्यासाठी मात्र त्या एका हकिगतीत औषधपुरवठा, दिशादर्शक फलक आणि रात्रीचं मनुष्यबळ हे तिन्ही आलं.

छापील प्रश्नावलीच वापरायची असेल तर तिथेही घटना विचारा. ‘खासगीपणा जपला का?’ असं न विचारता ‘तपासताना पडदा ओढला होता का?’ असं विचारा. ‘माहिती समाधानकारक मिळाली का?’ याच्या जागी ‘घरी गेल्यावर कोणती गोळी कधी घ्यायची हे कोणी सांगितलं?’ चालेल. ‘डॉक्टर आणि नर्स यांनी…’ असा जोडप्रश्न नकोच, कारण उत्तर कोणाबद्दल आलं ते कळत नाही. प्रश्नावली छापायला देण्याआधी पाच-सात जणांना वाचून दाखवा आणि म्हणा, ‘मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा.’ निम्म्या प्रश्नांची भाषा त्याच दिवशी बदलावी लागते.

डिस्चार्जच्या दिवशी गाठणं

सोयीचं म्हणून विद्यार्थी डिस्चार्ज कार्ड मिळण्याच्या वेळीच कागद पुढे करतात. त्या वेळी नातेवाइकाचं एक लक्ष बिलाकडे, दुसरं पिशव्यांकडे आणि तिसरं अक्कलकोटच्या किंवा मंगळवेढ्याच्या एसटीकडे असतं. शिवाय सिस्टर ऐकू येईल एवढ्या अंतरावर उभ्या असतात. वॉर्डात फक्त ओळख करून घ्या आणि फोन करायची परवानगी मागा. मुलाखत दोन ते सहा आठवड्यांनी घरी घ्या. तोवर धावपळ निवलेली असते आणि आठवणी अजून ताज्या असतात.

जुन्या गोष्टींच्या तारखा विचारू नका. ‘गड्ड्याच्या आधी की नंतर?’ (गड्डा म्हणजे सोलापूरची जत्रा), ‘वारी होऊन गेली होती का?’ असं विचारलं की महिना बरोबर सापडतो. थांबावं किती लागलं, हेही मिनिटांत विचारू नका. ‘नंबर लावला तेव्हा ऊन कुठे होतं, जेवण आधी झालं की नंतर?’ यातून जास्त खरा अंदाज येतो.

घरी जाताना त्या घराचं कामाचं वेळापत्रक बघा. विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. तिला काम थांबवून बसा म्हणणं म्हणजे तिच्या मजुरीत तुमचा अभ्यास करणं. वळता वळता बोलू द्या. पान कापण्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो, त्याने काही बिघडत नाही. यंत्रमागाचं मात्र तसं नाही. भिंतीपलीकडे माग चालू असेल तर एकही वाक्य नीट उतरवता येत नाही. माग कधी बंद असतो ते आधी फोनवर विचारा.

ॲप्रन आणि गळ्यातली पट्टी घरीच ठेवा. तुम्ही त्याच वॉर्डात काम करत असाल तर तिथल्या पेशंटची मुलाखत तुम्ही घेऊ नका, दुसऱ्याला पाठवा. आणखी एक घोळ हमखास होतो. लोक तुम्हाला सरकारी आरोग्य योजनेचा माणूस समजतात. ‘‘साहेब, तेवढं योजनेत बसतंय का बघा की.’’ सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की तुमच्या हातात फाइल नाही, तुमच्याशी बोलल्याने उपचार वाढणार नाहीत आणि न बोलल्याने थांबणारही नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारलं तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र (रुग्णांना योजनेची मदत करणारे) कुठे बसतात ते सांगा. एवढी माहिती खिशात असलीच पाहिजे.

‘नातेवाईक’ म्हणजे एकच माणूस समजणं

डॉक्टरांशी मुलगा बोलतो. पैसे मामाने आणलेले असतात. संमतीपत्रावर सही नवऱ्याची असते. आणि आठ रात्री खाटेजवळ सतरंजीवर काढलेल्या असतात सुनेने. तुम्ही ‘नातेवाइकांची मुलाखत’ म्हणून मुलाशी बोललात तर बिलं आणि तपासण्या मिळतील. रात्री सलाईन संपल्यावर काय झालं, हे फक्त सुनेला माहीत आहे. पण सासूसमोर आणि नवऱ्यासमोर ती बोलणार नाही, तिचं वाक्य दुसरंच कोणीतरी पूर्ण करेल. म्हणून आधी कोणी काय केलं याची यादी करा आणि मग माणूस निवडा. रुग्ण आणि सोबतीचा माणूस यांच्याशी वेगवेगळं बोला. दोघांच्या सांगण्यात फरक आला तर खरं कोण, हे ठरवत बसू नका. तो फरक हीच माहिती आहे.

घर एका खोलीचं असेल तर वेगळं बोलणं अवघड होतं. दोघे जण जा. एकाने बाकीच्यांशी उंबऱ्याबाहेर बोलत बसायचं, एवढाच त्यावर उपाय.

आजाराचं नाव मोठ्याने वाचणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. माहितीपत्रकाच्या डोक्यावर ‘कर्करोग रुग्णांचे अनुभव’ छापलेलं असतं, विद्यार्थी ते मोठ्याने वाचतो आणि समोरच्या माणसाला स्वतःचा आजार त्या क्षणी कळतो. घरच्यांनी सहा महिने ‘गाठ आहे, औषधाने जाईल’ असं सांगितलेलं असतं. क्षयाच्या बाबतीत अशीच वार्ता शेजारणीच्या कानावर जाते.

कागदावर ‘आजारपणातले आणि दवाखान्यातले अनुभव’ एवढंच लिहा. रुग्णाला विचारा, ‘तुम्हाला काय झालंय असं सांगितलंय?’ जो शब्द तो वापरेल तोच शेवटपर्यंत तुमचा शब्द. असा कागद मंजुरीच्या वेळीच नैतिकता समितीपुढे (संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे) ठेवा. मुलाखती उरकून मागाहून मंजुरी मिळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार लागतो. वॉर्डातल्या मावशींना त्यासाठी बोलावलं तर तो त्रयस्थपणा राहत नाही. मूल सात ते अठरा वयाचं असेल तर पालकांच्या संमतीखेरीज मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. बारापर्यंत तोंडी, पुढे लेखी.

बोलता बोलता कोणी रडलं तर रेकॉर्डर बंद करा आणि गप्प बसा. ‘रडू नका’ म्हणू नका. थोड्या वेळाने ‘इथेच थांबू या का?’ असं विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून आधीच जवळ ठेवा.

भाषा एकच धरणं

सोलापूर शहराच्या पूर्व भागात घरची भाषा तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शहरात दखनी उर्दूही भरपूर. कर्नाटकातल्या इंडी-आळंदकडून येणाऱ्यांना मराठी समजते, पण दुखणं सांगताना कन्नडच तोंडात येते. म्हणून संमतीपत्राचं तेलुगू भाषांतर करून आणलं की काम झालं असं वाटतं. ते होत नाही. तेलुगू बोलणाऱ्या अनेकांचं शिक्षण मराठीत झालंय, त्यांना तेलुगू लिपी वाचता येत नाही. कागद मराठीत आणि बोलणं तेलुगूत, अशी जोडी इथे जास्त चालते.

दुभाषी म्हणून नातवाला घेऊ नका. आजीच्या लघवीच्या त्रासाबद्दल तो विचारणार नाही आणि ती सांगणार नाही. बाहेरचा दुभाषी घ्या आणि त्याला एक नियम घालून द्या : ‘ती म्हणते की त्रास झाला’ असं सांगायचं नाही, ‘मला त्रास झाला’ असंच बोलायचं. नाहीतर तो सारांश सांगू लागतो आणि चार मिनिटांच्या बोलण्याचं एक वाक्य होतं.

रेकॉर्डिंगचे घोटाळे

फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी कॉल येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. तीस सेकंद बोलून परत ऐका. पंखा डोक्यावर असेल तर जागा बदला. यंत्र बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, मऊ कापडावर ठेवा; स्टीलच्या ताटलीवर किंवा पत्र्याच्या पेटीवर नको. दुसरं यंत्र सोबत असू द्या. फाइलला नाव देऊ नका, सांकेतिक क्रमांक द्या. नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या जागी, कुलपात.

‘अंगावर काढलं’चं ‘दुर्लक्ष केलं’ करणं

एका तासाच्या रेकॉर्डिंगला टाइप करायला पाच-सहा तास धरा. दोन भाषा मिसळलेल्या असतील तर त्याहून जास्त. या कंटाळ्यात लोक दोन गोष्टी करतात : भाषा शुद्ध करतात किंवा थेट इंग्रजीत उतरवतात.

‘‘लई भ्या वाटलं’’चं ‘खूप भीती वाटली’ झालं तर नुकसान थोडं. पण ‘‘तीन महिने अंगावर काढलं’’ हे वाक्य बघा. ते ‘आजाराकडे दुर्लक्ष केलं’ असं उतरलं की दोष बाईच्या माथी गेला, आणि अहवालात ‘रुग्णांमध्ये जागरूकतेचा अभाव’ असा निष्कर्ष निघाला. तिला म्हणायचं होतं की दुखत होतं, कळत होतं, पण मजुरी बुडवता येत नव्हती म्हणून सोसलं. एका क्रियापदाच्या भाषांतरात अभ्यासाचं उत्तर उलटं झालं. ‘जीव घाबरा झाला’, ‘गरगरतंय’, ‘टेन्शन आलं’ यांचंही असंच. असे शब्द मूळ रूपातच ठेवा आणि शेजारी अर्थ लिहा. बोलता बोलता बाई बराच वेळ थांबली असेल तर तेही नोंदवा. खर्चाचा प्रश्न विचारल्यावर सहा सेकंद शांतता असेल तर ती उतरलीच पाहिजे.

कोण राहून गेलं ते न बघणं

ओपीडीत परत येणाऱ्यांनाच विचारलं तर परत न येणाऱ्यांचं काय? स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट घेऊन गेलेले, पुण्याला हलवलेले, हंगाम सुरू होताच ऊसतोडीला निघून गेलेले, आणि ज्यांचा माणूस गेला ते. पंधरा ते पंचवीस सखोल मुलाखती बहुतेक अभ्यासांना पुरतात, पण त्यांत या प्रत्येक गटातलं कोणीतरी हवं. मृत्यू झालेल्या घरी तेरावं होताच जाऊ नका. तीनेक महिने जाऊ द्या, आधी निरोप पाठवा आणि वर्षश्राद्धाच्या आसपासचे दिवस टाळा.

विषयालाच निष्कर्ष म्हणणं

‘संवाद, खर्च, सुविधा’ अशी तीन प्रकरणं पाडली म्हणजे विश्लेषण झालं, असं नाही. ती शीर्षकं मुलाखतीआधीही तुमच्याकडे होतीच. निष्कर्ष हे पूर्ण वाक्य असतं : ‘फाइल ज्याच्या हातात असते त्याच्याशी डॉक्टर बोलतात, खाटेवरचा माणूस फक्त ऐकतो.’ हे खरं की खोटं, ते तपासता येतं. आणि ‘पंधरापैकी नऊ जणांना’ असं लिहिण्याआधी हा प्रश्न पंधराही जणांना विचारला होता का, ते बघा.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. मंगळवेढा तालुक्यातल्या एखाद्या छोट्या गावात डायलिसिसवरचा माणूस एकच असेल तर सगळं गाव त्याला ओळखतं. गावाऐवजी तालुका लिहा, नेमक्या वयाऐवजी वयोगट लिहा, व्यवसाय गरज असेल तरच.

अहवाल वरच्या मजल्यावर देऊन मोकळं होणं

अधीक्षकांना जाड अहवाल गेला की तो कपाटात जातो. दोन पानांचा मराठी गोषवारा करा आणि बोलणाऱ्यांतले पाच-सहा जण, सिस्टर, मावशी, औषधभांडारातलं कोणी अशांची एकत्र बैठक घ्या. आधी दोन्ही बाजूंना वेगवेगळं बसवा, मग एकत्र. पेशंटचे शब्द वाचून दाखवा, नावं नकोत. ‘रात्री बाराची चिठ्ठी’ ऐकल्यावर मेडिकल कुठे आहे याचा बाण रंगवणं हे एका दिवसाचं काम आहे, आणि ते बैठकीतच ठरू शकतं. येणाऱ्यांचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्या. रक्कम नैतिकता समितीकडून आधी मंजूर करून घ्या. बैठक अकराला सुरू करा आणि दोनला संपवा. तालुक्याच्या गाड्या त्यानंतर गच्च भरतात.