समोरच्याने डिपर मारला? या चुका टाळा

नवी गाडी हातात देताना शोरूमवाले ब्लूटूथ जोडून देतात, सीट मागे-पुढे करून दाखवतात, गाडीला हार घालून पेढेही देतात. स्टिअरिंगमागची दांडी आपल्याकडे ओढली की मोठा लाइट क्षणभर लागतो, म्हणजेच डिपर, हेही कुणी कुणी सांगतं. तो कधी मारायचा आणि दुसऱ्याने मारला तर काय समजायचं, हे मात्र कुणीच सांगत नाही. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेसाठी ‘समोरून गाडी आली की लाइट डिम करावा’ एवढं पाठ केलेलं असतं, तेही लायसन्स हातात पडेपर्यंतच. मग ही मंडळी दिवाळीच्या सुट्टीत रात्री अकराला कोकणात जायला निघतात आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक डिपरचा आपल्या मनाने अर्थ लावतात.

नात्यातल्या आणि ओळखीतल्या नवशिक्यांच्या शेजारी बसायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आलेलं आहे. त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय, म्हणून लिहितोय.

डिपरला ‘तू जा’ समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपण रस्त्यात शिरत असताना पळत्या गाडीने डिपर मारला तर आपल्याकडे त्याचा अर्थ एकच: मी येतोय, थांबणार नाही, तू थांब. समोरच्याला ब्रेक मारायचा असता तर त्याने ब्रेक मारला असता, दिवे कशाला मारले असते?

इंग्लंडात याच्या बरोब्बर उलटं चालतं. तिथे कुणी दिवे मारले की लोक ‘आधी तुम्ही’ असं समजून पुढे जातात. गंमत म्हणजे तिथल्या हायवे कोडला, म्हणजे वाहतूक नियमांच्या पुस्तकालाही, ते मंजूर नाही. त्यातला 110वा नियम म्हणतो की दिवे फक्त ‘मी इथे आहे’ हे कळवण्यासाठी मारा, दुसरा कुठलाही निरोप देण्यासाठी नाही. आणि 111वा म्हणतो की समोरच्याने दिवे मारले म्हणजे त्याने जायला सांगितलं, असं कधीच धरून चालू नका. पण पुस्तक एक आणि रस्ता एक, हे तिकडेही आहेच.

माझा भाचा तिकडेच गाडी शिकला. चालवतो स्वच्छ, इंडिकेटर दिल्याशिवाय लेन बदलत नाही. सुट्टीला आला तेव्हा लोणंदच्या अलीकडे एका आतल्या गावाहून आम्ही मुख्य रस्त्याला लागत होतो. दिवेलागणीची वेळ, उजवीकडून खडीचा डंपर येत होता. फाट्यावर आमचं नाक दिसलं तसा त्याने दोनदा डिपर मारला. भाच्याने हसून हात वर केला, त्याचे आभार मानले आणि क्लच सोडला. माझा हात आधीच हँडब्रेकवर होता. गाडी गचका खाऊन बंद पडली, अर्धं बॉनेट मुख्य रस्त्यावर. डंपर हॉर्न दाबूनच आमच्या पुढून गेला, त्याच्या फाळक्यातून उडालेले दोन-चार खडे काचेवर तडतडले. भाचा पांढराफटक. म्हणाला, ‘‘मामा, त्यानेच तर जा म्हणून सांगितलं ना?’’ म्हटलं, ‘‘अरे बाबा, तो सांगत होता की माझ्या मागे वीस टन खडी आहे.’’

त्याला तरी परदेशात शिकल्याची सबब होती. इथेच वाढलेली, इथेच शिकलेली माणसंही हे करतात आणि वर डंपरवाल्याला शिव्या घालतात.

माझी सवय सांगतो. मी दिवे बघतच नाही, गाडीचं नाक बघतो. ब्रेक लागला की बॉनेट किंचित खाली वाकतं, ट्रकची केबिन पुढे झुकते. ते झालं नाही तर डिपर एक मारो नाहीतर दहा, मी जागचा हलत नाही. अपवाद एकच. अरुंद पूल, गावातली गल्ली किंवा रस्त्याचं काम चालू असलेली एकेरी पट्टी, आणि समोरची गाडी पूर्ण थांबलेली. मग त्याने एकदा लाइट मारला, काचेतून हातही केला, तर जा. चाकं फिरत असतील तर ते आमंत्रण नव्हे. आणि डिपर मारण्याऐवजी मोठा लाइट दाबूनच धरला असेल, तर समजा त्याला थांबायचंच नाहीये. दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करत आपल्या बाजूला घुसलेला बसवाला असाच लाइट धरतो. त्याचं चुकतंय यात वाद नाही. पण तो वाद साइडपट्टीवर उतरून घालावा.

‘मामा उभे असतील’

दिवसाउजेडी समोरच्या दोन-तीन गाड्यांनी लागोपाठ डिपर मारला की आपल्याकडे सगळे एकच ओळखतात: पुढे ‘मामा’ म्हणजे पोलीस, स्पीडगन किंवा नाकाबंदी. बहुतेक वेळा असतंही तेच. मग कागद जागेवर असलेले शहाणे निवांत त्याच वेगात जातात, आणि नसलेले एकदम ब्रेक दाबतात. दोघेही चुकतात.

ऑफिसातला एक सहकारी पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरत होता, मी शेजारी. वर येणाऱ्या टेम्पोने डिपर मारला, त्याच्या मागच्या जीपनेही मारला. हा म्हणतो, ‘‘असू देत मामा, माझा पीयूसीसुद्धा ताजा आहे.’’ मी म्हटलं, आधी दुसऱ्या गिअरमध्ये ये, पीयूसी नंतर दाखव. कुरकुरत आला. पुढच्या वळणावर दुधाची गाडी कलंडलेली होती, कॅन रस्ताभर, आणि सांडलेल्या दुधावर पाऊस पडून डांबर साबणासारखं झालेलं. दुसऱ्या गिअरमध्ये असूनही आमची गाडी थोडी घसरलीच.

अनोळखी माणूस उगाच डिपर मारत नाही. पुढे दरड असेल, म्हशी असतील, उसाचा ट्रॅक्टर असेल. गाळप हंगामात तर मी हे हमखास धरून चालतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि लटकणारं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, अर्धी लेन अडवून. अशा वेळी अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, आरशात मागचा बघायचा, मग हळूहळू ब्रेक. पुढे मामाच निघाले तर बिघडलं काय?

समोरचे सगळेच मला डिपर मारतायत

दर सुट्टीनंतर मला हा फोन येतो. ‘‘रात्रभर प्रत्येक जण माझ्या डोळ्यांवर लाइट मारत होता, लोकांना काही अक्कलच नाही.’’ प्रत्येक जण मारत असेल तर अक्कल कुणाला नाही ते उघड आहे.

आधी डॅशबोर्डवर निळं चिन्ह पेटलंय का बघा. पेटलं असेल तर गाडी अप्परवर, म्हणजे मोठ्या लाइटवर आहे. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. निळं चिन्ह नसेल तर डिकीत काय भरलंय ते आठवा. मागे तीन माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि तांदळाचं पोतं असेल तर गाडीचं बूड खाली जातं, नाक वर उठतं, आणि खालचा लाइटही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यासाठी बऱ्याच गाड्यांमध्ये स्टिअरिंगच्या बाजूला शून्यापासून आकडे असलेलं छोटं चाक दिलेलं असतं. शून्यावर झोत सगळ्यात वर, आकडा वाढवाल तसा खाली. गाडी जुनी झाली तरी त्या चाकाला हात न लावलेली माणसं मला माहीत आहेत.

तेही ठीक असेल तर भिंत गाठा. सपाट जागा, भिंतीपासून दहा मीटर, खालचा लाइट. झोताची वरची कड हेडलाइटच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. आपण डावीकडून चालतो, म्हणून कड डाव्या बाजूला थोडी वर चढलेली दिसते, ती बरोबर आहे. भिंतीवर कडच दिसत नसेल, नुसता पांढरा लोळ दिसत असेल, तर बहुधा तुम्ही हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये बाजारातला एलईडी बल्ब कोंबलाय. आतला आरसा हॅलोजनच्या तारेची जागा धरून बनवलेला असतो. दुसरा उजेड बसवला की प्रकाश वाटेल तिकडे फुटतो. तुम्हाला वाटतं काय झकास दिसतंय, समोरचा आंधळा होतो. पाच मिनिटांत उजेड डबल करून देणाऱ्यांच्या नादी लागण्याआधी हेडलाइटची पिवळट झालेली काच घासून घ्या. बऱ्याचदा तेवढं पुरतं.

अप्परला अप्पर

समोरचा लाइट खाली घेत नाही म्हणून आपणही अप्पर ठेवायचा. म्हणजे आता त्या रस्त्यावर दोन आंधळे झाले, एकमेकांच्या दिशेने येणारे. एकदा डिपर द्या, दोनदा द्या, नाही ऐकलं तर सोडा. नजर त्याच्या दिव्यांवरून काढून डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा आणि वेग कमी करा. सूड घ्यायची हौस असेल त्याने दिवसा घ्यावा.

ट्रकचा इंडिकेटर

मागून डिपर देऊन साइड मागितली, पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला. म्हणजे काय? कुणी म्हणतं ‘ये’, कुणी म्हणतं ‘येऊ नकोस’, आणि तिसरी शक्यता अशी की तो खरोखरच उजवीकडे ढाब्यावर वळतोय. मी उजव्याला नेहमी ‘नाही’ समजतो. डावा इंडिकेटर, ट्रक डावीकडे सरकलेला आणि खिडकीतून किन्नरचा (ट्रकच्या क्लीनरचा) हात, असं सगळं जुळलं तरी समोरचा रस्ता स्वतः दिसेपर्यंत बाहेर पडत नाही. किन्नर झोपेतून उठलेला असू शकतो. ओव्हरटेक झाल्यावर मागून त्याच ट्रकचा एक छोटा डिपर आला तर घाबरू नका. तुमची शेपूट सुटली, आत या, असं तो सांगतोय. जुने ड्रायव्हर अजून हे पाळतात. उलट एकदा डावा-उजवा इंडिकेटर दिलात तर त्यालाही बरं वाटतं.

एक्सप्रेसवेची उजवी लेन

मागचा डिपर मारतोय म्हणजे त्याला पुढे जायचंय. बस, एवढंच. त्याला धडा शिकवायला ब्रेकवर पाय ठेवणं हा मूर्खपणा आहे. आणि त्याच्या दबावाने वेगमर्यादेच्या वर पळणं हा वेगळा मूर्खपणा, कारण चलन तुमच्या नावावर येतं, त्याच्या नाही. डावीकडे जागा बघा, इंडिकेटर द्या, सरका. ‘मी शंभरनेच चाललोय, मग का हलू?’ असं विचारणारे भेटतात. ती लेन ओव्हरटेकची आहे म्हणून.

घाट

अरुंद घाटात पहिला हक्क चढणाऱ्या गाडीचा. उतरणाऱ्याने कितीही डिपर मारला तरी नियम बदलत नाही, पण उतरणारा थांबत नाही असं दिसलं तर हक्क सोडून द्या. रात्री वळणाआधी दोनदा डिपर जरूर मारा, आणि पलीकडच्या कड्यावर उजेड सरकताना दिसतो का बघा. गाडी दिसण्याआधी तिचा उजेड दिसतो. दिवसा या डिपरचा काही उपयोग नाही, तिथे हॉर्नच हवा. आंबोलीच्या धुक्यात अप्पर लावू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते.

उरलेल्या

चौकात सरळ जायचंय म्हणून चारही इंडिकेटर लावू नका. बाजूच्याला त्यातला एकच दिसतो आणि तुम्ही वळताय असं वाटतं.

समोरून एकच दिवा येतोय म्हणजे मोटारसायकल, असं धरू नका. उजवा दिवा गेलेला ट्रक समजा आणि डावीकडे राहा.

स्कूटरवाल्याला बोटांची उघडझाप करून ‘लाइट चालू राहिलाय’ सांगणं आता पुरे करा. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींना इंजिन चालू झालं की लाइट आपोआप लागतो, तो त्याला बंद करता येत नाही. ही खूण पाहून बिचारे भर रस्त्यात एका हाताने बटण शोधत बसतात. खूण करायचीच असेल तर साइड स्टँड खाली राहिलेल्याला करा, ओढणी चाकाशी लोंबत असलेल्या बाईंना करा. तीही डिपर मारून नको, काच खाली करून तोंडाने सांगा.