फर्स्ट इयरचं गणित आणि बाकीचे 'बास्केट'वाले विषय: निवडायचे कसे अन् निभवायचे कसे

बारावीचा निकाल लागला की सातारा असो नायतर सांगली, झेरॉक्सच्या दुकानापुढं पोरांचा एकच विषय असतो, कुठला पेपर सोपा आणि मित्र कुठला घेतोय. त्यात आता नवीन शैक्षणिक धोरणाचा पॅटर्न आलाय, म्हणजे फॉर्मवर मेजर (आपला मुख्य विषय), ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी आणि एसईसी (हे दोन्ही कौशल्याचे विषय), एईसी, व्हीईसी, आयकेएस (यांचे अर्थ खाली सांगतो) असली अक्षरांची माळ दिसते, प्रत्येक नाव म्हणजे विषयांचं एक 'बास्केट', त्यातून आपण निवडायचं, आणि मग शेजारचा जे भरतोय तेच आपणबी भरतो. असं करू नका, फॉर्म भरायच्या आधी अर्धा तास काढा आणि खालचं वाचा.

पहिलं म्हणजे कॉलेज कुणाचं ते बघा. दोन्ही जिल्ह्यातली बरीच कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत, पण साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स ही तीन मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालंय, आणि शिवाय काही कॉलेजं ऑटोनॉमस आहेत, म्हणजे सिलॅबस स्वतःच ठरवणारी. म्हणजे मामाच्या पोरानं दुसऱ्या कॉलेजात घेतलेला विषय तुमच्याकडं त्याच नावानं असेलच असं नाही, असला तरी सिलॅबस तोच असेल असं नाही. आपल्या कॉलेजच्या साइटवरून आपल्याच वर्षाचा सिलॅबस डाउनलोड करा, सीनियरच्या नोट्स नंतर.

मग क्रेडिट, म्हणजे विषयाचं तासांवरनं ठरणारं वजन. एका सेमिस्टरला साधारण 20 ते 22 क्रेडिट असतात. थिअरीचं 1 क्रेडिट म्हणजे 15 तास आणि प्रॅक्टिकलचं 1 क्रेडिट म्हणजे 30 तास, म्हणजे 2 क्रेडिटचा थिअरी विषय 30 तासात संपतो पण 2 क्रेडिटचं प्रॅक्टिकल 60 तास खातं. कोरेगाव, वाई, तासगावहून एसटीनं ये-जा करणाऱ्यांनी हा हिशोब नक्की करा. विषय कितीबी भारी असला आणि त्याचा तास शेवटची सोयीची गाडी गेल्यावर असला तर हजेरी बोंबलणार, म्हणून ऑफिसमध्ये टाइमटेबल विचारल्याशिवाय टिक करू नका. विचारायला लाजायचं नाही.

आता खरा मुद्दा. ओपन इलेक्टिव्ह आपल्या मेजरच्या फॅकल्टीबाहेरचा घ्यावा लागतो, म्हणजे बी.ए.च्या पोरांना सायन्स नायतर कॉमर्सकडचा. इथं बेसिक गणित किंवा स्टॅटिस्टिक्सचा पेपर असेल तर तो घ्या, माझं तर स्पष्ट मत आहे. दहावीनंतर गणित सुटलं म्हणून आनंद झालेला असतो ते समजू शकतो, पण आपल्याकडं निम्मी पोरं पुढं पोलीस भरतीच्या ग्राउंडवर नायतर एमपीएससीच्या अभ्यासिकेत दिसतात आणि भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे, बँकेच्या परीक्षेत आहे, एमपीएससीच्या सी-सॅटमध्येबी आहे. तेच गणित नंतर क्लासला पैसे भरून शिकायचं, त्यापेक्षा इथं क्रेडिटसकट मिळतंय की. सायन्सवाल्यांनी उलट करायचं, इतिहास, अर्थशास्त्र, भाषा यातलं कायतरी मनापासून घ्यायचं, नुस्तं पास व्हायला नाही.

आता गणिताची तयारी. बहुतेकांचं गाडं कॉलेजच्या गणितात अडत नाही, ते आठवी-नववीत अडलेलं असतं आणि कळतं मात्र कॉलेजात. म्हणून कॉलेज सुरू व्हायच्या आधी ई-बालभारतीवरून आठवी ते दहावीची गणिताची पुस्तकं फुकट पीडीएफमध्ये उतरवा. सगळं करत बसू नका. आठवीतलं घातांक, विस्तार सूत्रं, अवयव, सूट-कमिशन आणि चक्रवाढ व्याज, नववीतलं गुणोत्तर-प्रमाण, दहावी भाग 1 मधलं अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी, एवढं ओपन इलेक्टिव्हवाल्यांना बास. बी.एस्सी.ला गणित घेणाऱ्यांनी वर्गसमीकरणं, भाग 2 मधलं निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती घासून पुसून घ्या, आणि अकरावी-बारावीचं लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह परत उघडा.

बसायचं कसं तर धड्याच्या शेवटच्या संकीर्ण प्रश्नसंग्रहापासून उलटं सुरू करा, जिथं अडेल तिथंच मागं जाऊन धडा वाचा. सुटलेली गणितं परत परत सोडवून बरं वाटतं पण त्यानं काय होत नाही.

काही चुका सगळेच करतात. टक्केवारी बघा, समजा मार्केट यार्डात हळदीचा दर क्विंटलला 15000 होता, 20 टक्के वाढला आणि मग 20 टक्के पडला, तर बरीच पोरं म्हणतात परत 15000. नाही, वाढून 18000 झाला आणि पडताना 18000 चे 20 टक्के गेले, उरले 14400. टक्के कशाचे, हे प्रत्येक वेळी विचारायचं. जीएसटीतबी तेच, 18 टक्के धरून बिल 1180 असेल तर मूळ किंमत काढायला 1180 ला 1.18 नं भागायचं, 18 टक्के वजा नाही करायचे.

बीजगणितात (अ + ब)² चं अ² + ब² करणारे ढीगभर. शंका आली की अक्षराच्या जागी छोटा आकडा टाकून बघा, 3 आणि 4 घेतले तर एकीकडं 49 येतात आणि दुसरीकडं 25, झालं, चूक तिथंच सापडली. ही ट्रिक परीक्षेतबी चालते आणि दहा सेकंद लागतात.

स्टॅटमध्ये सूत्र पाठ करण्याआधी अर्थ लावा. पाच जणांचा पगार 12, 13, 14, 15 आणि 96 हजार असेल तर मध्य म्हणजे सरासरी येते 30 हजार, पण त्यातल्या चौघांना त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त मिळत नाही, मध्यक म्हणजे ओळीतला मधला आकडा मात्र 14 हजार. हे कळलं की पेपरातली 'सरासरी' वाचायची पद्धतच बदलते.

मराठी मीडियमवाल्यांनी प्रत्येक धड्याच्या कडेला इंग्रजी नाव लिहून ठेवा, पेपर इंग्रजीत आला तर गोंधळ नको.

बाकी एईसी म्हणजे भाषा, व्हीईसी म्हणजे पर्यावरण, संविधान वगैरे आणि आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञान प्रणाली, यात हजेरी आणि इंटर्नल वेळेवर द्या, फार डोकं लावायची गरज नाही. पण सोडून पण देऊ नका, 2 क्रेडिटचा असला पेपर राहिला तरी क्रेडिटची बेरीज अडकतेच. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडून सर्टिफिकेट घ्यायचं असेल तर 40 ते 44 क्रेडिट आणि वर आणखी 4 क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप लागते.

शेवटचं काम, डिजिलॉकरवरून अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (मिळवलेले क्रेडिट जमा ठेवणारं खातं) 12 आकडी आयडी काढून कॉलेजात द्या. आधारवर, दहावीच्या मार्कशीटवर आणि कॉलेजच्या फॉर्मवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का बघा, वडलांच्या नावासकट. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, निकाल लागल्यावर दुरुस्तीच्या खिडकीपुढं लय मोठी लाइन असते.