मातीचं धुरीघर: परसात बांधण्याआधीची तयारी

कोकणात मासे धुरवायला मातीचं धुरीघर बांधायचं असेल तर दिवाळी झाली की हालचाल करा. मार्च-एप्रिलमध्ये सुरुवात केलीत तर ओल्या भिंतीवरच पाऊस येतो. जागा उंचवट्याची, घरापासून आणि गवताच्या उडवीपासून लांब. दिवसा खारा वारा पश्चिमेकडून येतो, रात्री मतलई उलटा वाहतो, म्हणून चुलीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा. वारा थेट आत शिरला की धुराऐवजी नुसता जाळ होतो.

मातीच्या बाबतीत मात्र घाई नको, सगळं तिच्यावर आहे. वरची पालापाचोळ्याची वीतभर माती बाजूला सारा आणि खालची घ्या. काचेच्या बरणीत निम्मी माती, वर पाणी घालून खळाखळा हलवा आणि दोन दिवस ठेवा. वाळू तळाला बसते, चिकणमाती सगळ्यात वर. किती वाळू मिसळायची ते तिथे अंदाजाला येतं. तरी १ भाग मातीला १, २ आणि ३ भाग वाळू अशा तीन विटा थापून सावलीत वाळवाच. जी तडकत नाही आणि नखाने भुगाही होत नाही, तिचं प्रमाण धरा. पुळणीवरची वाळू आणू नका, तिच्यातलं मीठ ओल खेचत राहतं. नदीची किंवा दगडाची आणा. चिखलात मिसळायचा भाताचा पेंढा कोरडा हवा, वीतभर कापलेला. चिखल तुडवायला चार माणसं आधी सांगून ठेवा.

जोत्याला जमिनीवर दीड फूट चिरे, चुलीला आतून भाजक्या विटा, त्याही मातीतच रचलेल्या. सिमेंट तापून तडकतं. भिंत ९ इंच जाड, दिवसाला फूटभरच चढवायची, वळचण २ फूट बाहेर. शेणाचा गिलावा बाहेरून चालेल, आत नको. जाळ्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, जस्ताचा मुलामा असलेल्या नकोत.

जळणाला नारळाची सोडणं (काथ्याची सालं) आणि आंब्याचं सुकं लाकूड. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर मासमिनला, म्हणजे उकडून धुरवून सुकवलेल्या ट्यूनाला, सोडणांचा धूर देतात. काजूची टरफलं फुकट मिळाली तरी नकोत, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. सळीचा थर्मामीटरही आणून ठेवा. आपल्या उकाड्यात थंड धुरी, म्हणजे मासा न शिजवता नुसता धूर देणं, धोक्याची आहे. गरम धुरीच द्या आणि माशाच्या आत ६३ अंश सेल्सिअस तापमान अर्धा तास टिकतंय ना, ते बघा.

भिंत वाळली की पंधरा दिवस रोज रिकाम्या धुरीघरात बारीक जाळ घाला. भिंतीतून वाफ निघायची थांबली, की बांगडे मिठाच्या पाण्यात टाका.